अर्धा सूर खाली

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "घर बदलतेस तर तबकड्या काढून टाक. ओळखीचा एक जण घेईल म्हणतो. यादी पाठव." एवढा मोठा मजकूर! वर्षाचा सगळा कोटा फेब्रुवारीतच संपवलास. फोनवर तू 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून मीही लिहायलाच बसले.

माझे गुडघे आता तीन जिने मानत नाहीत. तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. पुढच्या खोलीत माझं कवळ्यांचं काम, मागच्या खोलीत मी. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे, आणि सोबतीला तू घर सोडताना टाकून गेलेल्या गाण्याच्या तबकड्या. बाबा गेले तेव्हा दोन दिवसांसाठी आला होतास, तेव्हाही तू म्हणालास, "तो कचरा फेक." मी फेकला नाही. दगड फोडणाऱ्यांनासुद्धा गाणं लागतं, मी तर दात घासते.

यादी सोबत जोडली आहे. पण कव्हरवरची नावं वाचून त्या माणसाला काय कळणार? आपण तरी त्यांना त्या नावांनी कधी हाक मारली होती? तेव्हा काही जणींची ओळख मी आपल्याच नावांनी करून देते. घेणाऱ्याला कळू दे, तो काय नेतोय.

बाईसाहेब. कव्हरवर टेबलाशी पाठमोरी बसलेली. अडतीस वर्षं ऐकते आहे आणि अजून मला हिचा धाक वाटतो. आवाज खोल, जड. ओळ संपवताना ती सूर सोडत नाही, हलकेच खाली ठेवते. हिचं कुणीतरी गेलंय आणि हिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही, असं मला नेहमी वाटतं. बाबा गेल्यावर तीन दिवस मला रडू आलं नव्हतं. तू गाडीत बसलास, मी वर आले, हिची दुसरी बाजू लावली आणि अशी रडले की हातातलं प्लास्टर घट्ट होऊन गेलं. एका सद्गृहस्थांना वरच्या जबड्यासाठी आणखी आठवडाभर पेज प्यावी लागली.

खोकलेवाली. ऐंशी माणसांचा वाद्यवृंद, भरलेलं सभागृह, सगळ्यात नाजूक जागा आणि नेमका तिथे कुणीतरी खोकतो. तू म्हणायचास, "बघ, काही न करता अमर झाला." परवा रेडिओवर तीच रचना दुसऱ्या कुणी वाजवलेली लागली. वाजवली झकास. पण ती जागा आली आणि गेली, कुणी खोकलं नाही, आणि मला फसवल्यासारखं वाटलं.

लाल पोरं. लाल कपड्यांतल्या या चौघांच्या बँडला बाबा पत्र्याची वखार म्हणायचे. चौघांपैकी एकालाही धड वाजवता येत नाही, हे मला आता कळतं. पण घराला आग लागल्यासारखी वाजवतात, आणि चौघंही एकमेकांना बाहेर काढल्याशिवाय थांबत नाहीत. पॉलिशच्या चाकावर बसले की मला हीच लागतात. शेजारीण म्हणते, "या वयात?" मी म्हणते, "याच वयात."

जाता जाता एक. तुझ्या लेकीचा फोन आला होता. रागावू नकोस, तिनं चोरून केला होता. तिला गाणं शिकायला जायचंय, शाळेतल्या बाईंनी अर्ज आणून दिलाय, तुझी सही हवी आहे, मुदत अठ्ठावीस तारखेची. आणि तू तिला म्हणालास, "आपल्या घरात कान नाही. उगाच हसं करून घेऊ नकोस." सतरा वर्षांच्या पोरीला असं बोलतात का रे? सही करून टाक.

तुझी
धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

"यादी म्हटलं होतं, निबंध नाही. पोरीच्या भानगडीत तू पडू नकोस."

वाचलं. निबंध लिहायची खोड मला तूच लावलीस. तबकडी संपली की विचारायचास, "काय ऐकलंस, सांग." मी "छान होतं" म्हटलं की टपली मिळायची. "छान तर भजीपण असते" म्हणायचास. तेव्हा आता भोग.

पियानोवाले आजोबा. हे वाजवताना गुणगुणतात, आणि ते गुणगुणणं वाजवण्याच्या मानाने अगदीच भिकार आहे. तेच मला आवडतं. एवढी मोठी बोटं असलेल्या माणसाला स्वतःचा गळा आवरत नाही! पहिल्या बाजूला ते एक साधी चाल घेतात, शाळेतल्या पोरानं शिट्टीवर वाजवावी अशी, आणि वीस मिनिटं तिला सोडत नाहीत. उलटी करतात, हळू करतात, मध्येच विसरल्यासारखं दाखवतात. मी हे ऐकत एकदा सलग अठ्ठावीस दात बसवले आणि एकही वाकडा गेला नाही. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "आज काय खाल्लंत?"

भांडखोर. एक ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन. यांची आयुष्यभर अबोला असल्यासारखी वागणूक. एक बोलतो तेव्हा दुसरा तोंड फिरवून उभा. मग शेवटच्या गाण्यात ट्रम्पेटवाला एक वाक्य अर्धवट टाकतो आणि सॅक्सोफोनवाला ते पुरं करतो. बस, एकच वाक्य. मला दर वेळी वाटतं, यासाठी एवढं सगळं सहन केलं का यांनी? आणि दर वेळी वाटतं, हो, यासाठी केलं असेल तर योग्यच केलं.

अंगाईवाली आजी. भाषा कुठली ते आजवर कळलं नाही. पुठ्ठ्याच्या कव्हरवर नुसता एक पाळणा. ती इतकी म्हातारी आहे की सुरापेक्षा श्वासच जास्त ऐकू येतो. पण मूल झोपलंय आणि तरी ती गातेय, हे नक्की. कारण शेवटी शेवटी ती स्वतःसाठी गाते. ही तबकडी त्या माणसानं नेली तर त्याला सांग, शेवटचं गाणं एकट्यानं ऐक.

मला लग्न जमलं नाही, मूलबाळ नाही, प्रवास नाही. लोक कीव करतात. त्यांना काय माहीत, या तिसऱ्या मजल्यावर किती माणसं येऊन गेली! आणि ती सगळी तू आणलीस. चार दुकानं पालथी घालून, डबा न खाता. तुझ्याएवढा कान असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून पोरीला तू जे बोललास ते मला सहन होत नाही. भानगडीत पडते म्हण, नाक खुपसते म्हण. मुदतीला सतरा दिवस राहिले आहेत. सही कर.

धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

"यादीत बेचाळीस आहेत. होत्या त्रेचाळीस. टोपीवाला कुठे?"

वा रे वा! कचरा म्हणायचा आणि मोजूनही बघायचा! अडतीस वर्षं ज्यांचं नाव काढलं नाहीस त्या तुला तोंडपाठ आहेत म्हणजे.

टोपीवाला आहे. माझ्याकडेच आहे. यादीत मुद्दाम घातला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आता बाहेर काढते.

तुला सगळं आठवत असणार, तरी लिहिते, कारण मला ते क्रमानं लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. टोपी कपाळावर ओढून क्लॅरिनेट वाजवणारा तो माणूस. तू ती तबकडी आणलीस तेव्हा तू वीस वर्षांचा होतास आणि मी तेरा. वर्षभर तू त्याच्यासमोर बसून वाजवलंस. कागदावरचे सूर आपल्याला वाचता यायचे नाहीत, तू कानानं एकेक जागा उचललीस. तुझी बोटं अडकायची, तू पुन्हा सुई मागे न्यायचास. मला म्हणायचास, "हा बेटा मुद्दाम अवघड पट्टी धरतो. सोपं वाजवणं याला कमीपणाचं वाटत असणार. म्हणून तर तो मोठा." मग संगीत विद्यालयाची परीक्षा. साथीला पियानोवाला. त्यानं कागद बघून सुरुवात केली, तू शिरलास आणि दोघांचं जमेना. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. कुणीतरी हसलं. रात्री जेवताना तू बाबांना एवढंच सांगितलंस, "बोटं चांगली आहेत, कान नाही, म्हणाले." बाबा म्हणाले, "मग झालं तर." महिन्याभरात तू लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलास, तेही इतक्या लांब.

आता माझं.

टोपीवाला यायच्या आधी आपलं तबकड्यांचं मशीन रडायला लागलं होतं, आठवतं? रबरी पट्टा घसरायचा, सूर डुलायचे. तू वैतागला होतास. मी ठरवलं, तुला चकित करायचं. तू बाहेर गेल्यावर ताट उचललं, खाली मोटरवर एक पितळी चकरी होती, काळी पडलेली, चिकट. मोटर चालू केली आणि फिरत्या चकरीवर पॉलिश पेपर धरला. छान निघत होतं. काळं गेलं, पिवळं आलं, चकचकीत आलं, आणि मला थांबवेना. तुला माहीत आहे, चमक आली की माझा हात थांबत नाही. आज त्यावरच माझं पोट आहे. नवा पट्टा चढवला. तू आलास, लावून बघितलंस आणि म्हणालास, "लोण्यासारखं चालतंय! तू केलंस?" मला उचलून गोल फिरवलंस.

दादा, चकरी बारीक झाली की ताट हळू फिरतं. ताट हळू फिरलं की सूर उतरतो. गेल्या महिन्यात मशीन मेकॅनिककडे नेलं होतं. त्यानं ताटावर रेघारेघांचा एक गोल कागद ठेवला. ट्यूबलाइटखाली रेघा जागच्या जागी उभ्या दिसायला हव्यात. आपल्या मशीनवर त्या उलट्या, मागे पळत होत्या. त्यानं चकरी काढून मोजली आणि म्हणाला, "कुणीतरी घासलीय. पण सगळीकडून सारखी घासलीय हो, हात चांगला आहे." मी विचारलं, सूर किती उतरला असेल? तो म्हणाला, "बरोबर अर्धा. थोडा कमीजास्त असता तर कुठल्याच वाद्याशी जुळला नसता, लगेच कळलं असतं. नेमका अर्ध्यावर जाऊन बसलाय, म्हणून पेटीशी जुळतो, बासरीशी जुळतो, आणि पत्ता लागत नाही."

तुझं वाद्य मशीनशी बरोबर जुळत होतं. मशीनच खोटं होतं. टोपीवाला अवघड पट्टीत वाजवत नाही, दादा. तो सगळ्यात सोप्या पट्टीत वाजवतो. अवघड पट्टीत तू वाजवलंस. एक वर्ष, एकही जागा न सोडता, जे त्यानं स्वतः कधी केलं नसतं ते तू केलंस. आणि तिथे त्या पियानोवाल्याला वाटलं तू चुकलास, आणि तुलाही वाटलं तू चुकलास, आणि आता पोरीलाही वाटायला लागलं आहे.

आपल्या घरात कान आहे. नव्हतं ते माझ्या हाताला थांबणं.

अकरा दिवस राहिले आहेत.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि झोपले नाही. त्यात एक खोटं आहे.

मेकॅनिककडे मी गेल्या महिन्यात गेले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी गेले होते. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मोटर बंद पडली तेव्हा. तेव्हाच त्यानं लेथवर नवी चकरी करून दिली. मी ती घरी आणली आणि दाढांच्या खणात टाकली. जुनीच परत बसवायला लावली होती. त्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे.

अकरा वर्षं मूग गिळून बसले. का, ते सांगते, पण ते कारण म्हणून घे, सबब म्हणून नको. तुझं वर्षातून एक कार्ड यायचं. मला वाटलं, हे कळलं की तेही बंद होईल. त्या एका कार्डासाठी मी तुला बेसूर राहू दिलं. आधी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, त्याचं वय गेलं. मग पोरगी मोठी व्हायला लागली, तरी म्हटलं, जाऊ दे. तिचा फोन आला तेव्हा मात्र मला माझीच शिसारी आली.

आज सकाळी नवी चकरी बसवली. काम बंद ठेवलं आणि एकामागून एक लावत गेले. हे तुला सांगितलंच पाहिजे.

बाईसाहेब दुःखी नाहीत. मी पहिल्या ओळीलाच चमकून उभी राहिले. ती तरुण आहे रे! तिशीचीसुद्धा नसेल. आवाजात हसू आहे, आणि मी ज्याला सूर हलकेच खाली ठेवणं म्हणत होते ते चक्क लाडात येणं आहे. अडतीस वर्षं मी तिला सुतकात बसवली. मला आधी हसू आलं, मग राग आला, मग दुसरी बाजू लावली आणि आवडली. वेगळी आवडली. आता ती मैत्रीण झाली.

लाल पोरं ऐकवत नाहीत इतकी धावतात, आणि बाबांचं खरं होतं की काय अशी शंका आली. पियानोवाले आजोबा गुणगुणतात ते आता बाई गुणगुणल्यासारखं वाटतं, पण बोटं मात्र अशी की मी हातातला चहा तसाच धरून बसले. खोकणारा पूर्वी म्हातारा होता, आता पोरसवदा झाला.

आणि टोपीवाला. दादा, त्याचं वाजवणं हलकं आहे. सुंदर आहे, झुळझुळीत आहे, त्याला जरासुद्धा कष्ट पडत नाहीत. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि मला तुझं वाजवणं आठवलं. मोठेपणा त्याचा आहेच, मी नाकारत नाही. पण माझ्या कानाला विचारशील तर तुझं जास्त चांगलं होतं. त्यात वजन होतं. हे मी लाडानं म्हणत नाही. "छान होतं" म्हटल्यावर टपली मारणाऱ्याची मी शिष्या आहे.

तबकड्या त्या माणसाला द्यायच्या की नाही ते तू ठरव. माझ्यावर किती रागवायचं तेही तूच ठरव. अर्जाचं मात्र ठरवू नकोस, नुसती सही कर. माझ्या चुकीचं खापर त्या पोरीच्या डोक्यावर फुटता कामा नये.

तुझी


१४ मार्च

दादा,

चोवीस दिवस तुझं काही आलं नाही. तुझ्या लेकीनंही फोन उचलला नाही. अठ्ठावीस तारीख आली आणि गेली. मी खालच्या घरात आले, दिवसाला तीन-तीन कवळ्या केल्या आणि एकही तबकडी लावली नाही.

आज पत्र आलं. कार्ड नव्हे, पाकीट. आत एक पान. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून वाचलं.

तू सही केलीस. सत्तावीसला, शेवटच्या आदल्या दिवशी, आणि अर्ज स्वतः नेऊन दिलास. परीक्षेला तू बरोबर गेलास. तिला आत घेतलं आणि तुला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, तर तू बसला नाहीस, दाराशी उभा राहिलास. साथीला पियानो होता. निकाल महिनाअखेरीला. आणि मग ती ओळ लिहिली आहेस: "सुरात होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

हे तुला कुणी सांगितलं, दादा? परीक्षकांनी तर अजून काही सांगितलेलं नाही. बंद दाराबाहेर उभं राहून हे कशानं कळलं तुला? मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचते आहे. अडतीस वर्षांत तू स्वतःच्या कानावर विश्वास ठेवून लिहिलेलं हे पहिलं वाक्य आहे.

त्याखालची ओळही वाचली. "त्या तेरा वर्षांच्या पोरीवर माझा राग नाही. तिनं माझ्यासाठीच केलं होतं. पण एकेचाळीस वर्षांच्या बाईला सगळं माहीत होतं. तिला मी माफ करणार नाही."

त्या तेरा वर्षांच्या पोरीला तुझा निरोप दिला. ती फार रडली.

त्या बाईचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी तिची बाजू घेणार नाही. तिनं केलं ते माफ करण्यासारखं नाहीच, आणि तू उगाच मन मोठं करून तसं लिहिलं असतंस तर मला ते खरं वाटलं नसतं. फक्त एक सांगते. तिला जे सुनवायचंय ते पत्रात मावणार नाही, आणि लिहून शिव्या दिल्या तर त्या नीट लागतही नाहीत. समोर बसून दे. आता जिनेही चढायचे नाहीत.

रविवारी ये. ती घरीच असते.

धाकटी